टांग्याशेजारून चालणारे शेठ

सत्तरच्या दशकात मी भिवंडीत मास्तर होतो. सकाळी शाळेत जाताना धामणकर नाक्याजवळ एक जाडजूड गृहस्थ दिसायचे. बाजारहाट करून ते नेहमी एकाच टांग्यातून घरी जात.

एक दिवस पाहिलं तर ते टांग्याशेजारून घामाघूम होऊन चालले होते. टांगेवाला घोड्याला आवरत विनवत होता, "सेठ, बैठ जाओ. इतनी जिद अच्छी नहीं."

त्यांनी टांग्याच्या कडेला हात टेकला, दम खाल्ला, भाजीची पिशवी तेवढी आत ठेवली आणि परत चालू लागले. मला हसू आलं. ते त्यांनी पाहिलं.

"मास्तर, डायबेटिस मला झालाय, पिशवीला न्हाय."

मग मी बरोबर चालू लागलो तेव्हा त्यांनी सांगितलं की थोरल्या भावाचा पाय याच आजारात कापावा लागला होता. त्याला पाहून आल्यापासून यांनी चहातली साखर सोडली, दुसऱ्यांदा भात घेणं सोडलं आणि घर पायी गाठायचं ठरवलं. बोलताना ते सारखे स्वतःच्या पायांकडे बघत होते.

दिवाळी गेली, शिमगा गेला, तरी त्यांचं चालणं सुटलं नाही. सदरा अंगावर सैल झाला. एका सकाळी तर टांगेवालाही लगाम धरून त्यांच्या बरोबरीने चालताना दिसला.

"तुला काय झालं रे?" मी विचारलं.

"कुछ नहीं, मास्टरजी. ऊपर बैठ के बात करने में मजा नहीं आता."

भीतीने शेठना खाली उतरवलं होतं खरं, पण रोज चालवत होत्या त्या या गप्पाच. दोघं बोलत पुढे निघून गेले. घोडा मजेत मान हलवत मागून चालला होता.