न्यूट्रॉन न वापरता न्यूट्रॉनचं माप

गेल्या रविवारी शहाडला आत्याकडे मोड आलेले वाल सोलत बसले होते, आणि वाल सोलता सोलता हात थांबला तो थांबलाच...

आधी थोडं माझ्या कामाबद्दल. मी न्यूक्लिअर फिजिक्समध्ये पीएचडी करते. आमचा प्रश्न साधा आहे. अणूच्या केंद्रकाला वाटेत एखादा न्यूट्रॉन भेटला, तर ते त्याला ठेवून घेण्याची शक्यता किती?

ताऱ्यांच्या पोटात सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशीच तयार होतात. एकेक न्यूट्रॉन ठेवून घेत घेत. पण यातली बरीच केंद्रकं इतकी अल्पायुषी असतात की त्यांचा नमुना करून, समोर ठेवून, त्यावर न्यूट्रॉन मारायला वेळच मिळत नाही.

मग आडवाट धरायची. ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची सैलसर जोडी. केंद्रकं तयार होताच त्यांचा झोत, म्हणजे बीम, करून तिच्यावर आदळायचा. कधी कधी न्यूट्रॉन आत राहतो, प्रोटॉन बाहेर निसटतो. निसटलेल्या प्रोटॉनची ऊर्जा मोजली की आत किती ऊर्जा गेली ते कळतं. नंतर केंद्रक गॅमा किरण सोडून शांत झालं, तर समजायचं की पाहुणा घरातच राहिला.

या सगळ्याच्या मागे एक गृहीतक आहे. न्यूट्रॉन कोणत्या वाटेने आला हे केंद्रक विसरून जातं... असं धरून चालायचं.

नवीन केंद्रकाला हात लावण्याआधी ही पद्धत एका जुन्या, टिकाऊ केंद्रकावर तपासायची असते. त्याचं उत्तर खरे न्यूट्रॉन मारून आधीच मिळालेलं आहे. माझं उत्तर त्याच्या दुपटीहून जास्त आलं. सोमवारी ते माझ्या गाईड मॅडमना दाखवायचं होतं. इथेच नापास झाले तर नवीन केंद्रकाचा सगळा डेटा फुकट. तो गोळा करायला बीमची वेळ मिळवताना किती वाट बघितली ते आमच्या ग्रुपला विचारा.

लॅबमधला मित्र फोनवर म्हणाला, "अगं, उत्तर जुळेल असा एक फॅक्टर लाव आणि मोकळी हो ना. कोण बघतंय." त्याने चांगल्या मनानेच सांगितलं. पण का लावला ते सांगता येणार नाही असा आकडा माझ्या हातून लिहिलाच जात नाही.

हे आत्याचंच देणं. लहानपणी दम्यामुळे मी तिसरीपर्यंत शाळेत गेलेच नाही. आत्या गणिताची शिक्षिका, तिनेच घरी शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी ताळा करून दाखवल्याशिवाय उठू द्यायची नाही.

तर रविवारी तिने माझा चेहरा बघितला. "वाल आधीच कडवे आहेत गं, त्यात तुझं तोंड. काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. तिने मधे एकदा गॅस बारीक केला, बाकी ऐकून घेतलं. मग अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाली, "गृहीत काय धरलंयस ते आधी मोठ्याने म्हण."

"केंद्रकाला आठवत नाही की न्यूट्रॉन..." आणि हात थांबला तो इथे.

सगळं कसं विसरेल? टक्करीत मिळालेली गिरकी विसरता येत नाही. हळू चालणारा न्यूट्रॉन अलगद आत येतो, पण ड्यूटेरॉनचा धक्का कडेला लागतो आणि केंद्रक जोरात फिरायला लागतं. अशा फिरत्या केंद्रकाला न्यूट्रॉन बाहेर टाकणं अवघड जातं, म्हणून ते गॅमाच जास्त सोडतं, आणि माझं उत्तर फुगतं. हे मी वाचलेलं होतं हो. माझ्या केंद्रकात एवढा फरक पडणार नाही, असं मीच ठरवून टाकलेलं.

"वाल राहू देत," आत्या म्हणाली. "हात मात्र धू."

डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडला. जास्त गिरकीच्या पातळ्यांवरून येणारे गॅमा माझ्या स्पेक्ट्रममध्ये खरंच ठळक होते. इतके दिवस मी त्यांना डिटेक्टरचा दोष समजत होते... आणि ते तर सांगत होते की आम्ही किती फिरतोय.

त्यांच्यावरून गिरकी काढली. मग हळू न्यूट्रॉनने आणलेली गिरकी घालून गणित पुन्हा चालवलं. चहा होईपर्यंत ग्राफ आला. माझी रेघ जुन्या मोजमापांच्या बिंदूंमधून गेली. वरच्या ऊर्जेला अजून थोडी सुटते, ते इथे लिहिलंच पाहिजे. पण गेली.

आत्या मागे उभी होती. "जुळलं?" एवढंच विचारलं तिने. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

सोमवारी मॅडमनी एरर बार, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ते दाखवणाऱ्या रेघा, वाढवायला लावले. मग म्हणाल्या, "चल, आता नवीन डेटा उघड."

उघडला. तेच गणित चालवलं आणि स्क्रीनवर एक आकडा आला... ज्या केंद्रकाला कुणी हातात धरलेलं नाही, धरणारही नाही, त्याचा. आमच्या खोलीत तो पहिल्यांदाच दिसत होता, आणि तारे मात्र पृथ्वी नव्हती तेव्हापासून त्याच हिशोबाने सोनं घडवत आलेत. भीती वाटली खरं सांगायचं तर, आणि नकळत हात जोडले गेले.