आक्काचा डावा हात

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. गारगोटीजवळच्या आमच्या गावी ती आणि मोठे दीर शेती आणि म्हशी सांभाळून राहतात. मी शाळेत शिकवते, त्यामुळं मी आणि माझा नवरा कोल्हापुरात. आक्काच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा ऑपरेशनपासून रेडिएशनपर्यंत सगळं कोल्हापुरातच झालं. डावा स्तन काढावा लागला. ते सगळे महिने ती आमच्याकडं राहिली. उलट्या झाल्या, केस गेले, तोंडाची चव गेली, पण आक्काचा आवाज काही खाली आला नाही. सलाईनची सुई लावायला आलेल्या नर्सला ती म्हणायची, "बाई, जरा बघून टोच की. मी काय पोतं हाय व्हय?"

उपचार संपले, तपासण्या चांगल्या आल्या. आम्ही पेढे वाटले आणि आक्का गावी गेली. सगळं मार्गी लागलं असं आम्हाला वाटलं.

पण ती तीन-चार महिन्यांनी तपासणीला यायची, तेव्हा काहीतरी बदललंय हे मला जाणवायचं. डोक्यावरचा पदर ती घरातसुद्धा काढायची नाही. केस परत आले होते, बोटभर, लहान बाळाच्या जावळासारखे मऊ. तरी पदर घट्ट. मी पाया पडायला वाकले की आशीर्वाद तोंडानं द्यायची, पण पाठीवर हात ठेवायची नाही. शेजारी बसले की हळूच सरकून अंतर ठेवायची.

हे मला फार लागायचं. कारण आक्का म्हणजे जिचे हात कायम कुणाच्या तरी अंगावर असायचे अशी बाई. माझ्या लेकीच्या वेळी मी बाळंतपणाला गावीच राहिले. मला आई नव्हती. सव्वा महिना आक्कानं मला रोज सकाळी पाटावर बसवून तेल लावलं, अंग चोळलं, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. पहिल्या दिवशी मी अंग चोरायला लागले, तर म्हणाली, "लाजतीस काय? मी काय पावणी हाय?" आणि माझ्या पाठीवर एक चापट दिली. नंतर मी लाजले नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या वाढदिवसाला पुण्याहून लेकीचा फोन आला. तिनं आमच्या भागात नव्यानं निघालेल्या एका स्पामध्ये दोघींसाठी वेळ ठरवली होती. "थोरल्या आईला घेऊन जा," ती म्हणाली. "ती तपासणीला येणारच आहे ना या आठवड्यात?"

मी यापूर्वी कधी स्पात गेले नव्हते. पार्लरमध्ये जाऊन भुवया कोरून घ्यायच्या, एवढीच माझी मजल. आक्काला तर आधी सांगितलंच नाही. तपासणी झाली, आजार परतलेला नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी रिक्षावाल्याला पत्ता दिला.

आत गेल्यावर गवती चहासारखा वास होता आणि कुठंतरी पाणी वाहिल्याचा आवाज. भिंतीवर तिथं काय काय मिळतं ते मराठीत लिहिलेलं होतं. आक्कानं चौथीपर्यंतचं शिक्षण पणाला लावून, ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं.

"ध्वनिस्नान," ती म्हणाली. "हे काय असतंय?"

"काशाच्या वाट्या वाजवतात. आपण पडून ऐकायचं."

"वाटी वाजवत्यात आणि माणसं झोपून ऐकत्यात?" ती पुढच्या ओळीवर गेली. "मिठाची खोली. ह्यात माणसं घालत्यात? लोणचं कराय?"

काउंटरमागची मुलगी हसू दाबत होती. बर्फाच्या टबाबद्दल तिनंच आक्काला सांगितलं, की तालमीतली पोरं व्यायाम झाल्यावर येऊन त्यात बसतात. "येडी म्हणायची," आक्का म्हणाली. पण तिला मजा वाटत होती हे मला दिसत होतं. कितीतरी दिवसांनी ती अशी चौकसपणानं कुठंतरी बघत होती.

मग तिथली मॅनेजर आली. तिशीतली, शांत बोलणारी बाई. तिनं नेहमीचे प्रश्न विचारले, बीपी आहे का, शुगर आहे का, काही ऑपरेशन झालंय का. मी काय सांगावं याचा विचार करेपर्यंत आक्कानं उत्तर देऊन टाकलं.

"कॅन्सर झालता. आता न्हाय."

मॅनेजरचा चेहरा गंभीर झाला. "मावशी, मग आज मला मसाज नाही करता येणार," ती म्हणाली. आक्काचा हात लगेच पदराकडं गेला. ती उठायलाच लागली. "चल गं. लागत न्हाय ते कुणाला, पण ह्यास्नी कोण सांगणार?"

"तसं नाही हो, मावशी." मॅनेजर काउंटरमागून बाहेर आली आणि आक्काच्या शेजारी सोफ्यावर टेकली. "हा आजार कुणाला लागत नाही, मला माहीत आहे. पण चुकीच्या जागी जोर पडला तर तुम्हाला त्रास होईल. अशा आजारातून उठलेल्यांना कसा हात लावायचा, हे शिकून आलेली एक मुलगी आहे आमच्याकडं. आज तिची सुट्टी आहे. उद्या याल का? आणि तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. स्पाचं ऐकून ते हसतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "हलक्या हातानं करू दे की. डाव्या बाजूला वाफ नको, गरम काही नको, जोर नको. आणि काय हो, त्या घरी हात चोळून घेतात ना? डाव्या हाताला सूज वाढलीय आज."

"कसला हात चोळून?"

"काखेतल्या गाठी काढल्यात ना, म्हणून सूज येते. फिजिओथेरपिस्टनं त्यांना दाखवलंय की. घरातल्या कुणीतरी रोज थोडा वेळ करायला पाहिजे, असं सांगितलंय आम्ही."

मी आक्काकडं बघितलं. ती भिंतीवरची पाटी पुन्हा वाचत होती, पण तिचे ओठ हलत नव्हते.

संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली. मी समोर बसून जुडी सोडली. डाव्या हाताकडं मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. मनगटापासून कोपरापर्यंत तो टम्म फुगला होता. लांब बाहीचा ब्लाऊज तिनं थंडीसाठी शिवला असं मी समजत होते.

"आक्का, हात चोळायचा सांगितलाय हे भावजींना सांगितलंस?"

"न्हाय."

"का?"

तिनं मेथीची दोन-तीन पानं खुडली. "ते खांद्यापास्नं, छातीपास्नं सुरू करत्यात. ब्लाऊज काढाय लागतंय."

मी हातातली काडी खाली ठेवली.

"ह्यांनी अजून बघितल्यालं न्हाय," ती म्हणाली. "मी बघू दिल्यालं न्हाय. मीबी न्हाय बघत. अंगावर पाणी घेताना डोळं मिटून घेतो." आमच्याकडच्या जुन्या बायका 'घेतो', 'जातो' असंच बोलतात. "ते माणूस चांगलं हाय गं. एकदा इचारलं बी. पण मला वाटलं, बघितलं आणि तोंडावर काय दिसलं तर? मग मी कुठं बघू?"

मी तिच्यापुढची निवडलेली मेथी पातेल्यात भरली आणि उगाच दोनदा धुतली. मग म्हणाले, "उद्या नको वाटत असेल तर नको जायला."

"जाऊ," ती म्हणाली. "पण तू खोलीत थांब."

दुसऱ्या दिवशी ती शिकून आलेली मुलगी होती. मिझोरामची. मराठी तिला थोडंसंच येत होतं, हिंदीत बोलायची. आक्कानं विचारलं, "तुमारा गाव किदर हाय?" तिनं सांगितलं. आक्कानं विचारलं, "एस्टी जाती का?" मुलगी हसली, म्हणाली, "नहीं आंटी, बहुत दूर है." आक्काला तिची एकदम दया आली. "आई हाय न्हवं?" "है." "फोन करतीस न्हवं तिला?" "रोज." मग आक्काचं समाधान झालं.

खोलीत मंद उजेड होता. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसले. मुलीनं आक्काला सांगितलं, काहीही काढायची गरज नाही. वरून मोठी चादर असेल. जिथं हात नको असेल तिथं नको म्हणा, मी लगेच थांबेन. ती प्रत्येक वेळी आधी विचारायची. पायाला हात लावू? लावू. डाव्या हाताला? आक्कानं तो चादरीतून जरासा बाहेर काढला. "लाव."

मालिश म्हणजे रगडणं, असं मी समजत होते. ही मुलगी मांजराच्या पिलाला कुरवाळावं इतका हलका हात फिरवत होती. आक्का आधी लाकडासारखी ताठ पडली होती. हळूहळू तिची पावलं दोन बाजूंना सैल पडली. पाय तर शेतातल्या बायकांचे असतात तसे, टाचा भेगाळलेल्या. त्या टाचांवरून मुलीचे अंगठे पुन्हा पुन्हा फिरत होते.

शेवटी डोक्याची पाळी आली. तिथं एक नवीन खुर्ची होती. मान मागं टेकून पडायचं, आणि डोक्यावर कमानीसारखी नळी, तिच्यातून कोमट पाण्याच्या धारा टाळूवर पडत राहतात. आजकाल याला फार मागणी आहे म्हणे. मुलीनं विचारलं, "आंटी, ये हटाऊँ?" आक्कानं स्वतःच पदर काढला. त्या आखूड, काळ्यापांढऱ्या जावळावर पाणी पडायला लागलं. मुलीनं बोटांनी ते केस मागं सारले. "कितने सॉफ्ट हैं, आंटी," ती म्हणाली.

आक्काच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते कानांकडं ओघळून वरून येणाऱ्या पाण्यात मिसळत होतं. मी उठायला गेले, तर तिनं न बघता उजवा हात वर केला, बस म्हणून. मी बसले. मुलीची बोटं थांबली नाहीत.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. आक्का आरशाकडं पाठ करून उभी होती. टॉवेलनं डोकं पुसत होती. मग अचानक म्हणाली, "दार लावलंयस न्हवं?"

"हो."

तिनं ब्लाऊजची बटणं काढली. मला वाटलं, ओला झाला असेल. पण तिनं तो दोन्ही बाजूंना उघडला आणि माझ्याकडं तोंड केलं.

"बघ."

मी बघितलं. सपाट जागा, तिच्यावर काखेकडं गेलेला तिरका, पुसट गुलाबी वण. भाजल्यासारखी जरा काळवंडलेली कातडी. मनात मी काहीतरी फार भयंकर धरून ठेवलं होतं बहुतेक. तसं काही नव्हतं. आक्काचंच अंग होतं ते.

"कसं दिसतंय?" ती माझ्या चेहऱ्याकडं बघत होती, अगदी टक लावून.

"बरं झालेलं दिसतंय," मी म्हणाले. दुसरं काही खोटं वाटलं असतं.

"हात लाव."

मी हात लावला. वणाखाली तिचं काळीज जोरजोरात धडधडत होतं. मग ती आरशाकडं वळली. थोडा वेळ स्वतःकडं बघत राहिली. नाक ओढलं, आणि एकेक बटण लावत म्हणाली, "भूक लागली मला. मिसळ खाऊ या."

दोन दिवसांनी मोठे दीर तिला न्यायला आले. त्यांना चहा देताना आक्का त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "गावाकडं जायच्या आदी दवाखान्यात जायाचं हाय. तुमाला शिकाय लागतंय."

"काय शिकाय?"

"हात चोळाय. माझा."

दीर माझ्याकडं बघायला लागले. मी कपबश्या उचलून आत गेले.

दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेले, पण फिजिओथेरपिस्टच्या खोलीबाहेर बाकावर थांबले. दार लोटलेलं होतं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. आक्काला दिरांच्या चेहऱ्यावर काय दिसलं असेल? मग फिजिओथेरपिस्टचा आवाज आला, "काका, एवढा जोर नाही. नुसती कातडी सरकली पाहिजे." आणि पाठोपाठ आक्काचा, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असा, "अवो, म्हशीची धार काढताय व्हय?" त्यावर तिघंही हसली. दीर हसताना मी फार कमी वेळा ऐकलेत.

बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. रुमालानं नाक पुसत मला म्हणाले, "एवढंच हुतं. एवढ्यासाठी वरीसभर लांब बसली माझ्यापास्नं." आक्का पुढं चालत होती. तिनं ऐकलं की नाही माहीत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेले. दुपारची वेळ होती. आक्का घराच्या पुढच्या सोप्यात पाटावर बसली होती, खांद्यावरून साडी सैल करून. दीर मागं खुर्चीवर. त्यांच्या राठ, भेगा पडलेल्या हातांना त्यांनी खोबरेल लावलं होतं, तिला टोचू नये म्हणून. बोटं खांद्यापासून कोपराकडं हलकेच सरकत होती. सूज पूर्ण गेली नव्हती, पण बरीच उतरली होती. डोक्यावर पदर नव्हता. मला बघून आक्कानं साडी सावरली नाही.

"आलीस व्हय? पाणी घे," ती म्हणाली. "माठातलं घे, फ्रिजमधलं नगं."

मी पाणी पिऊन उंबऱ्यावर बसले. एक म्हैस दोन दिवस वैरण खात नव्हती, त्यावर दोघांचा वाद चालला होता. डॉक्टर बोलवावा असं दिरांचं म्हणणं, आक्काचं म्हणणं ती नुसती रुसलीय. बोलता बोलता दिरांचा हात मनगटापर्यंत पोचला, आणि तळव्यावरून फिरून परत खांद्याशी गेला.