चुंबक सुटतं तेव्हा

माझा मामा शिंप्यांसाठी कात्र्या घडवतो. पातं भट्टीत लाल करायचं, तेलात बुडवायचं, मग मंद आचेवर शेकायचं. भट्टीत कमी तापलं तर धार टिकत नाही, जास्त तापलं तर पुढे कधीतरी काडकन मोडतं. नेमका लाल कोणता, हे मामा उभा जन्म नजरेनंच ओळखत आला.

मग त्याच्या डोळ्यांमागचा पडदा विरत गेला. ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याला सगळे लाल सारखेच दिसू लागले आणि शिंपी मोडकी पाती घेऊन परत येऊ लागले.

"दुकान बंद करावं म्हणतो," मामा म्हणाला.

"आणि दिवसभर घरी बसून माझं डोकं खाणार? मुळीच नाही," मामी म्हणाली.

मामी दुकानातच असते. खाली पडलेलं लोखंड उचलायला तिनं काठीच्या टोकाला चुंबक बांधलंय, कारण वाकायचा तिला भारी कंटाळा. एका दुपारी मामाच्या चिमट्यातून लालभडक पातं निसटलं. सवयीनं मामीनं काठी पुढे केली. पातं चिकटेना.

"तुझं चुंबक बिघडलं वाटतं."

"बिघडलं कशाला? खिळे बघा की कसे लोंबतायत."

तेवढ्यात पात्याचा लाल काळवंडला आणि ते टक् करून काठीला चिकटलं.

लोखंडाचा कण न् कण म्हणजे इवलंसं चुंबक. शेजारी जिकडे तोंड करून उभा, तिकडेच हाही तोंड करतो. उष्णतेनं त्यांची चुळबुळ वाढत जाते आणि एका ठरावीक उंबरठ्यावर एकी मोडते; मग लोखंड चुंबकाला चिकटत नाही. निवताना त्याच उंबरठ्यावर ती परत जुळते, कुणी न सांगता. मामाच्या पोलादाला हवी असलेली आच या उंबरठ्याच्या जराशीच पलीकडे होती.

मामानं ते पातं पुन्हा भट्टीत घातलं.

"लाव काठी."

"चिकटलं."

"आता?"

"चिकटलं. अहो, दम धरा जरा."

"आता?"

"सुटलं."

मामानं आणखी थोडं तापू दिलं आणि पातं तेलात सोडलं. थंड झाल्यावर कानस लावली, तर ती कडक झालेल्या पात्यावरून नुसतीच घसरली. शेकल्यानंतर त्यानं ते ऐरणीवर आपटलं. मोडलं नाही. त्यानं पुन्हा आपटलं.

"पुरे, आता ऐरण मोडेल," मामी म्हणाली.

मामानं भट्टीत दुसरं पातं सरकवलं.