नऊच्या नऊ, आणि एक हरकत

"उद्या मोजनी हाय. निवडून आले तरी ये, पडले तरी ये." मावसबहीण रंजनाचा असा फोन आल्यावर घरी बसेन ती मी कसली! ती ग्रामपंचायतीला उभी होती आणि टोकावड्यापलीकडचं तिचं सासर मी अजून पाहिलंही नव्हतं.

शहापूरहून सकाळची मुरबाड एसटी धरा आणि खिडकी सोडू नका. सापगावनंतर रस्ता सुरेख आहे. मी मुरबाडला पोचले तोवर मोजणी उरकली होती. नऊपैकी नऊ जागा रंजनाच्या पॅनेलला! समोरच्यांचा पार धुव्वा. पुढचा प्रवास टेम्पोतून, गुलालात. चांगली साडी नेसून जाऊ नका, एवढाच सल्ला. टोकावड्याच्या ढाब्यावर मिसळ स्वस्त आणि झणझणीत मिळते. ती खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही.

गंमत अशी की हरलेल्या पॅनेलची पुढारी म्हणजे रंजनाची सख्खी जाऊ, कमल. अंगण एक, चुली दोन. उन्हाळ्यात खालच्या पाड्यातल्या बायका पाण्यासाठी ओढ्यापर्यंत उतरतात. नवी टाकी तिथे व्हावी म्हणून कमल उभी राहिली होती. आता पंचायतीत त्यांच्या बाजूने बोलणारं कोणीच उरलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. रंजनाचे चुलतसासरे म्हणाले, "टाकी आपल्या आळीत. कोनाची हरकत?"

"हरकत नाय!" सगळे एका सुरात. सगळे आपलेच, दुसरं काय म्हणणार?

रंजना उठली आणि तिने अंगणातून हाक मारली, "जाऊबाई, भाईर या. तुमची हरकत हाय का?"

दार उघडलं. "हारलेल्याला कोन इचारतं गो?"

"मी इचारते. आमच्यात नाय म्हननारा कोन उरलाच नाय."

"मंग हाय हरकत. तुमच्या आळीत दोन हिरी हायत. खालच्या पाड्याला एक नाय."

"आपली मानसं काय म्हनतील?" चुलतसासरे कुरकुरले.

"म्हनू दे," रंजना म्हणाली. मला तिचा असा अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

दुसऱ्या दिवशी मी शहापूरला परतले. साडीचा गुलाल काही पूर्ण गेला नाही. निवडणुका मी पुष्कळ पाहिल्या, पण जिंकल्यावर हरकत मागायला गेलेली हीच एक.

बऱ्याच महिन्यांनी, परवा तिचा फोन आला. "टाकी खालच्या पाड्याव बसली. आमच्या आळीतली निम्मी मानसं बोलत नाय माझ्याशी. पुढच्या टायमाला डिपाझिट जातंय बघ!"

मागून कमल ओरडली, "जातंय कसं? परचाराला मी हाय ना!"