हेमावतीबाईंनी उघडलेले डोळे

पश्चिम तांबरमच्या त्या गल्लीत शिरून ‘कृष्ण कुठे मिळेल’ असं विचारलं, की लोक देवळाच्या आधी हेमावतीबाईंचं घर दाखवत. तंजावरी चित्रं काढणाऱ्या बायका चेन्नईत काही कमी नाहीत. सोन्याचा वर्ख सगळ्यांकडे सारखाच चमकतो आणि काचेचे खडे सगळ्या एकाच बाजारातून आणतात. पण बाकीच्यांचा कृष्ण आपला मुकाट लोणी खातो आणि हेमावतीबाईंचा कृष्ण लोणी खाता खाता तुमच्याकडे बघतो, अशी त्यांची ख्याती. पिढ्यान् पिढ्या तंजावरात राहिलेलं मराठी घराणं. सासऱ्यांनी सुनेच्या हातात पोळपाट-लाटण्याआधी ब्रश दिला, आणि सुनेनंही पोळ्यांपेक्षा चित्रंच बरी केली, हे त्यांचे यजमान सुंदरराव आजही पाहुण्यांना न विचारता सांगतात.

अशा बाईचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी कॉफीच्या पेल्यातून कळलं, मग कपाळावरच्या कुंकवातून. डॉक्टर म्हणाले, मोठा रोग नाही, काही घराण्यांत हात कापतात, गोळ्या घ्या. गोळ्यांनी कंप कमी झाला, पण गेला नाही. आणि कृष्णाच्या गालाची रेघ ओढणाऱ्या बारीक ब्रशाला कमी कंप आणि जास्त कंप यातला फरक कळत नाही. एका सकाळी हेमावतीबाईंनी तीच रेघ पुन्हा पुन्हा पुसली, शेवटी ब्रश धुऊन, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवून दिले. खूप मोठा आजार झालेली माणसंसुद्धा इतकी खचत नाहीत. त्यांना फार काही नको होतं. आणखी एक मुख, फक्त एक, आपल्या हातून नीट व्हावं, एवढंच त्या देवाकडे मागत होत्या.

“पुरें की गे,” सुंदरराव म्हणाले. “इतके देव काढलीस. आतां हात जोडून बस.”

“जोडलेले हातही हालतात,” हेमावतीबाई म्हणाल्या.

वरच्या मजल्यावर कीर्ती राहायची. मूळची सांगलीची. नवरा ओरगडमच्या मोटारीच्या कारखान्यात आणि ही जवळच्या एका कॉलेजात डिझाइन शिकवणारी. शनिवारी-रविवारी ती बाहेरच्यांसाठी एक प्राथमिक वर्ग घ्यायची, कंप्युटरवर रेघांची चित्रं काढण्याचा. दोघीही आपण मराठी बोलतो असं समजायच्या आणि दोघींनाही दुसरीची मराठी ऐकून हसू यायचं. “मावशी, तुमचं बोलणं ऐकलं की बखर वाचल्यासारखं वाटतं,” कीर्ती म्हणायची. हाताची कहाणी ऐकल्यावर मात्र ती हसली नाही.

“माझ्या वर्गात या. तिथे रेघ हातानं ओढावी लागत नाही.”

“हातानें नाहीं तर कशानें ओढतां? पायानें?”

पण त्या गेल्या. सुंदररावांनी ‘साठीला टेकल्यावर कॉलेज’ म्हणून गल्लीभर दवंडी पिटली आणि रविवारी स्वतःच डब्यात दहीभात भरून दिला.

वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं. कोणी हेमावतीबाईंना ‘आंटी’ म्हणालं, कोणी घाबरून ‘मॅडम’. शेजारी निधी नावाची मुलगी बसली. आईबाप पुण्याचे, पण जन्म चेन्नईचा, त्यामुळे ती मराठीत सुरुवात करायची आणि इंग्रजीत संपवायची. घरी ‘ए पोरी’ म्हणून हाक मारायच्या त्या कीर्तीला हेमावतीबाई इथे रीतसर ‘मिस’ म्हणाल्या. कीर्ती लाजली, पण मनातून खूश झाली असणार.

मग तिनं चांगल्या मनानं एक मोठी चूक केली. चित्रकार आहेत म्हणून तिनं हेमावतीबाईंच्या पुढ्यात एक काळी सपाट पाटी आणि पेन ठेवलं. पाटीवर जे काढाल ते स्क्रीनवर उमटणार. हेमावतीबाईंनी गालाची रेघ ओढली आणि स्क्रीनवर पावसातलं गांडूळ सरपटत गेलं. यंत्र इमानी निघालं, एकही थरथर त्यानं गाळली नाही. मागे कोणीतरी फिसकन हसलं. हेमावतीबाईंनी पेन खाली ठेवलं आणि वर्ग सुटेपर्यंत त्या नुसत्या बसून राहिल्या.

“कोठेंही जा, माझाच हात माझ्या पुढें येतो,” त्या घरी येऊन म्हणाल्या. “मी पुन्हा जात नाहीं.”

संध्याकाळी कीर्ती खाली आली ती कान पकडूनच. “चूक माझी. पेन दिलं म्हणजे पुन्हा हातच दिला. तुम्हाला ठिपके द्यायला हवे होते. एकदाच या. नाही जमलं तर मी परत बोलावणार नाही.”

पुढच्या शनिवारी पाटी नव्हती, नुसता माउस होता. कीर्ती शेजारी स्टूल ओढून बसली. इथे एक ठिपका द्या, म्हणाली. आता तिथे दुसरा. हेमावतीबाईंनी दिला, आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये रेघ आपोआप येऊन उभी राहिली. ठिपक्याला दोन्ही बाजूंना बारीक दांड्या फुटल्या होत्या. दांडी ओढली की रेघ वाकायची. हात थरथरला, ठिपका भलतीकडे गेला. हेमावतीबाईंचा चेहरा पडला.

“जाऊ दे त्याला,” कीर्ती म्हणाली. “आता माउस सोडा. कीबोर्डवर हे बाण आहेत ना, हा दाबा.”

त्यांनी बाण दाबला. ठिपका तिळाएवढा सरकला. पुन्हा दाबला, पुन्हा तिळाएवढा. बोट थरथरत होतं, पण बटण फक्त खाली जातं, थरथरत नाही. ठिपका जागेवर आला. मग दुसरा, मग हनुवटीचा. आणि समोर, कपाळापासून हनुवटीपर्यंत, बाळकृष्णाचा गाल उतरला. एका दमात ओढल्यासारखा, कुठेही न अडखळलेला. हेमावतीबाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. हात कापायला लागल्यापासून अशी रेघ त्यांना फक्त स्वप्नात दिसली होती, आणि जाग आल्यावर स्वप्नाचाच राग आला होता. ही तर दिवसाढवळ्या समोर होती.

“अय्यो,” त्या म्हणाल्या.

“थांबा, खरी गंमत पुढेच आहे.” कीर्तीनं चित्र मोठं केलं. आणखी मोठं. स्क्रीनभर नुसता गालाचा एक तुकडा राहिला. हेमावतीबाई आपसूक पुढे वाकल्या. ब्रशाची रेघ भिंगाखाली धरली की तिची सगळी कुसळं दिसतात, हे त्यांना आयुष्यभर माहीत. या रेघेला कुसळच नव्हतं. जितकी जवळ आणावी तितकी ती स्वच्छ.

“इतकें मोठें केलीस तरी फाटत नाहीं कसें?”

“कारण चित्र आत ठेवलेलंच नाही मावशी. ठिपका कुठे आहे आणि वळण किती आहे, एवढंच कंप्युटरला ठाऊक आहे. तुम्ही बघाल तेव्हा तो रेघ नव्यानं काढतो.”

“म्हणजे आंत चित्र नाहींच?”

“नाही.”

“आणि बघतों तेव्हां असतें?”

“हो.”

हेमावतीबाईंनी स्क्रीनला हात जोडले. निधीला हसू आलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिनं ते गिळलं. “हें मनुष्याचें काम नव्हे,” हेमावतीबाई म्हणाल्या. “माणसाचंच आहे मावशी, नुसतं गणित आहे,” कीर्ती म्हणाली. “सरी, बरें, मग गणितालाही नमस्कार.” आणि त्यांनी खरोखर दुसरा नमस्कार केला.

यापुढे बाई रातोरात निष्णात झाल्या असं सांगितलं तर ते शुद्ध खोटं होईल. पोरांची तीन चित्रं व्हायची तेव्हा यांचा एक कान व्हायचा. एकदा सेव्ह न करताच फाइल बंद केली आणि मोरपिसासकट अख्खा मुकुट गेला. निधीनं शिकवलेलं त्या जेवणाच्या सुट्टीत विसरायच्या आणि दहीभात पुढे करून पुन्हा विचारायच्या. ‘अनडू’ कळला त्या दिवशी तर त्या पळतच घरी आल्या. केलेलं कर्म एक बटण दाबून मागे घेता येतं, याहून मोठं आश्चर्य त्यांनी पाहिलं नव्हतं. सुंदरराव शांतपणे म्हणाले, “लग्नाला चालतें का, तेवढें मिसला विचारून ये.”

वर्ग संपताना प्रत्येकानं एक चेहरा पूर्ण करून सगळ्यांना दाखवायचा होता. हेमावतीबाईंचा कृष्ण भराभर नाही, पण होत आला. केस झाले, ओठ झाले, गळ्यातले मणीही झाले. डोळ्यांची जागा तेवढी रिकामी. निधीला वाटलं त्या अडल्यात. “आंटी, तयार शेप असतात, मी दोन मिनिटांत टाकून देऊ?” हेमावतीबाईंनी मान हलवली. त्या अडल्या नव्हत्या, भ्यायल्या होत्या. गाल कुणाचाही साधतो, पण चित्रात जीव आहे की नाही ते डोळे सांगतात. डोळे मेलेले निघाले तर गाल, ओठ, मणी सगळं नुसतं नक्षीकाम. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, हे डोळे साधले नाहीत तर पुन्हा माउस नाही आणि ब्रशही नाही. सासऱ्यांनी दिलेली विद्या आपल्यापाशीच संपली असं समजायचं.

शेवटच्या दिवशी एकेकाचा कंप्युटर प्रोजेक्टरला जोडून कीर्ती चित्रं समोरच्या भिंतीवर दाखवत होती. हेमावतीबाईंचं टेबल मागच्या भिंतीला लावलेलं, त्यामुळे त्यांचं तोंड मागच्या भिंतीकडे आणि पाठ चित्रांच्या भिंतीकडे. सगळी टाळ्या वाजवत होती आणि त्या आपल्या डोळ्यांच्या जागेशी झुंजत होत्या.

“मावशी, तुमचा नंबर. होऊ द्या निवांत,” कीर्ती म्हणाली. त्यांचा कंप्युटर तिनं प्रोजेक्टरला जोडूनही टाकला. हेमावतीबाईंना वाटलं, आधी पूर्ण करायचं, मग कीर्ती जोडणार.

त्यांच्या सासरी एक नेम होता. डोळे सर्वांत शेवटी. आणि उघडल्या डोळ्यांची पहिली नजर कुठल्याही माणसावर पडू द्यायची नाही, काढणाऱ्यावरही नाही. ती नजर कोवळी असते आणि प्रखरही. म्हणून समोर आरसा ठेवायचा, देवानं आधी स्वतःला बघावं, आणि काढणाऱ्यानं शेवटचा ठिपका देऊन तोंड फिरवायचं. हेमावतीबाईंनी पर्समधून लहानसा आरसा काढला आणि स्क्रीनसमोर टेकवून ठेवला. “स्क्रीनच्या समोर कोणी येऊं नका,” त्यांनी पोरांना सांगितलं. पोरं शहाणी, चटकन बाजूला झाली. आंटींना मोकळी जागा हवी असेल, असं त्यांना वाटलं. बाजूला होऊन सगळी चित्रांच्या भिंतीकडे बघत उभी राहिली.

एक डोळा स्क्रीनभर मोठा करून त्यांनी वरची पापणी काढली. ठिपका चुकला, बाण दाबला, आला. खालची पापणी. मग बुबुळ, थोडंसं पापणीखाली झाकलेलं, कारण पूर्ण गोल बुबुळ घाबरट दिसतं. दुसरा डोळा. शेवटी दोन्ही बुबुळांत उजेडाचा एकेक कण. तो जागेवर नेताना बाण दाबणारं बोट इतकं कापत होतं की त्यांनी डाव्या हातानं मनगट धरलं. मग पूर्ण चित्र दिसेल असं बटण दाबलं, आणि नेमाप्रमाणे झटकन तोंड फिरवलं.

तोंड फिरवलं ते थेट समोरच्या भिंतीकडे.

छतापासून जमिनीपर्यंत बाळकृष्ण होता. अख्खी भिंत त्याची झाली होती. इतका मोठा होऊनही कुठे फाटला नव्हता, विस्कटला नव्हता, गालाची रेघ तशीच स्वच्छ. कीर्ती तोंडावर हात ठेवून उभी होती. निधीची मराठीही संपली होती आणि इंग्रजीही. आणि तो त्या कोणाकडे बघत नव्हता. तो हेमावतीबाईंकडे बघत होता.

नेम मोडला, म्हणून आधी त्या घाबरल्या. डोळे मिटून घ्यावेत असं वाटलं आणि मिटवेनात. आयुष्यभर त्यांनी एवढ्या कृष्णांचे डोळे उघडले. त्या प्रत्येकानं आधी आरसा बघितला, मग गिऱ्हाइकाचं घर. एकाही चित्रानं डोळे उघडल्या क्षणी आपल्याला बघितलं नाही, हे त्यांच्या कधी लक्षातही आलं नव्हतं. आता लक्षात आलं. त्या भीतीतसुद्धा त्यांना इतका आनंद झाला की तो सोसवेना. हे डोळे जिवंत होते. आपल्याच हातून झाले होते. आणि जगात सगळ्यात आधी त्यांनी आपल्याला पाहिलं होतं.

त्या खुर्चीवरून उठल्या. पोरांनी वाट करून दिली. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या लुगड्यावर पडला, कपाळावर पडला, त्या तशाच चालत भिंतीपाशी गेल्या. “कण्णा,” त्या म्हणाल्या, लहान लेकराला म्हणतात तसं. उजवा हात वर करून त्यांनी त्याच्यापुढे धरला. हात थरथरत होता, आणि तो सावरायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

“बघ,” त्या म्हणाल्या. “नीट बघून घे. ह्याच हातानें काढलें तुला.”