दुधीच्या मांडवाखाली

जगात जे जे विकत मिळतं, ते ते माझ्या थोरल्या साडूंचा अपमान करण्यासाठीच कुणीतरी दुकानात मांडून ठेवलेलं असतं. निदान त्यांची तरी तशी खात्री आहे. दात घासायची पूड ते घरी करतात, कंगवा घरी करतात, पायातल्या चपला घरी करतात, आणि या वस्तू वापरल्यावर माणसाच्या दातांची, केसांची नि पायांची जी अवस्था होते तिला ते 'नैसर्गिक' म्हणतात. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत त्यांनी मला स्वतः कुटलेलं उटणं लावलं होतं. पाडव्यापर्यंत मी हिरवा होतो. "उतरंल की पावणं, घाई काय हाय?" एवढंच ते म्हणाले. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, आमची मुलं मोठी झाली, पण त्यांच्या लेखी मी अजून 'पावणं'च आहे. मला वाटतं, मीही बाहेरून आणलेला असल्यामुळं ते मला अजून तपासून घेत असावेत.

हायस्कुलात विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि शहराबाहेर फुलेवाडीच्या पुढं बांधलेल्या घरात राहायला गेले. घर बेताचं, पण मागं परसदार ऐसपैस. माझी मेव्हणी, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो, तिला तिथं चार फुलझाडं नि एक झोपाळा हवा होता. पण तिथं आधी गांडूळखताचे खड्डे झाले, मग घरच्या घरी कागद करायचा हौद झाला, मग मधमाश्या आल्या आणि शेजारच्यांनी बोलणं टाकल्यावर गेल्या. अक्कानं झोपाळ्याचं नाव सोडलं.

त्यांची एकुलती एक मुलगी सायली तेव्हा पुण्याला नोकरी करत होती. तिचं लग्न मलकापूरच्या एका मुलाशी ठरलं. घरची चांगली शेती, दुधाचा धंदा, माणसं सरळ. एका रविवारी सायली मोबाईलवर कुणाकुणाच्या लग्नांचे फोटो घेऊन आली. तिचं म्हणणं एवढंच होतं की हॉलचा डामडौल नको, आपल्या परसातच लग्न करू, थोड्या वस्तू हातानं करू आणि एखादी साधीशी थीम ठेवू. साडूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि थीम म्हणजे काय ते विचारलं. ती म्हणाली, म्हणजे एकच कल्पना सगळीकडं दिसली पाहिजे.

"म्हंजे एकच खूळ सगळीकडं. मग ते आपल्याकडं हायच की," साडू म्हणाले.

अक्का तिथून उठून स्वयंपाकघरात गेली. पुढं काय वाढून ठेवलंय याचा अंदाज त्या घरात फक्त तिलाच आला होता.

साडूंनी ठरवलं की मांडव बांधायचा नाही, उगवायचा. नागपंचमीच्या सुमाराला त्यांनी परसभर बांबू रोवले, वर तारा ओढल्या आणि बुडाशी दुधी नि दोडका लावला. लग्न मार्गशीर्षात. तोवर वेल चढतील, पानांचं छत होईल, खाली बोहलं, वर दुधी. वेल तारेवर चढवायला दोऱ्या हव्यात म्हणून अक्काच्या जुन्या साड्यांच्या चिंध्या झाल्या, त्यात दोन फारशा जुन्या नव्हत्या. लग्नाच्या दिवशी सनईच्या आवाजानं वेल बुजू नयेत म्हणून साडूंनी रोज सकाळी परसात सनईची रेकॉर्ड लावायला सुरुवात केली. गल्लीतल्या एका आजींचा रोज समज व्हायचा की लग्न आजच आहे, आणि त्या नऊवारी नेसून तयार बसायच्या.

वेल फुलायला लागले तसे साडू संध्याकाळी कुठंच यायचे-जायचे बंद झाले. कारण विचारलं तर परसात नेऊन दाखवायचे. दुधीच्या नर फुलाचे परागकण मऊ कुंचल्यानं मादी फुलावर लावायचं काम ते स्वतः करत होते, एकेका फुलापाशी वाकून. अक्का म्हणायची, पोरीच्या लग्नाचं अजून कशात काय नाही, हे भोपळ्यांची लग्नं लावत बसलेत.

लग्नाच्या पत्रिकाही थीममधल्याच होत्या. गेल्या वर्षीचे वाळलेले छोटे दुधी घेऊन त्यांच्यावर तापलेल्या सळईनं वधूवरांची नावं कोरली आणि साडू स्वतः आमंत्रणाला निघाले. ज्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जन्मभर पेपर तपासले, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या हातात भोपळा ठेवायचा हा प्रकार काहींनी हसून घेतला. निवृत्त मुख्याध्यापक मात्र बराच वेळ त्या भोपळ्याकडं बघत राहिले आणि आपलं नक्की कुठं चुकलं असं त्यांनी विचारलं. तांबड्या रश्श्यात मटणाऐवजी दुधी घालायचा बेतही साडूंच्या मनात होता. पण तो ऐकल्यावर आमच्या हिच्या दोन्ही भावांनी लग्नाला येणार नाही असं सांगितलं, तेव्हा तेवढी माघार त्यांनी घेतली.

आणि दिवाळीच्या तोंडावर वेलांवर मावा पडला, पानांच्या पोटाशी चिकटून रस शोषणारी बारीक कीड. बघता बघता पानं पिवळी पडून गळायला लागली. साडूंनी तिखट-लसणाचा अर्क उकळला. त्यानं आधी गल्ली खोकली, मग शेजारची गल्ली खोकली, मावा जागच्या जागी राहिला. शेवटी त्यांनी आम्हा सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर प्रत्येकाच्या हातात ओलं फडकं दिलं. आम्ही मेव्हणे, भावजया, जावई असे सगळे शिडीवर आणि स्टुलांवर चढून पानं पुसत होतो. पान खालून पुसायचं, वरून नव्हे, हे साडू खालून फिरत बजावत होते. मी पुसलेलं एक पान त्यांनी मला परत पुसायला लावलं.

अशातच व्याही तयारी बघायला आले. परसात खुर्च्या मांडल्या, चहा झाला. व्याही चारी बाजूंना बघत होते. अखेर त्यांनी अदबीनं विचारलं, "मास्तर, मांडव कुठं घालणार हाय?"

"तुमी त्येच्या खालीच बसलाय की," साडू म्हणाले.

व्याह्यांनी वर पाहिलं. वर तारा होत्या, आकाश होतं, आणि कीड लागू नये म्हणून पायमोज्यात घालून टांगलेले तीन दुधी होते. माणूस चांगला, म्हणून हसले नाहीत. मलकापूरहून दोन बस भरून माणसं येणार, रत्नागिरीकडचे पाहुणे येणार, गावात आपल्याला तोंड दाखवायचंय, तेव्हा एखादा हॉल बघू या, ती व्यवस्था आम्ही करतो, असं त्यांनी समजुतीनं मांडलं. अक्काची मान हलत होती. आम्हालाही ते पटत होतं. साडू आपल्या हातांकडं बघत बसले. वेलांचा हिरवा डाग त्यांच्या बोटांवरून जात नव्हता.

तेव्हा दिवाळीला घरी आलेली सायली दारातून पुढं आली. "मामंजी, हॉल नको," ती म्हणाली. "पानं आली तर आली. न्हाईतर नुसत्या बांबूखाली लग्न करीन मी. पप्पांनी रोवलेत ते."

व्याह्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि मग येतो आम्ही मुहूर्ताला, एवढंच म्हणाले. पाहुणे गेल्यावर साडूंनी फडकं भिजवलं आणि काळोख पडेपर्यंत एकटेच पानं पुसत राहिले. त्या दिवशी त्यांनी कुणालाच मदतीला बोलावलं नाही.

त्यानंतर थंडी पडली, मावा हटला, की पुसण्यानं कंटाळून गेला, कोण जाणे. वेलांनी पुन्हा जोर धरला. लग्नाच्या दिवशी मांडव झाला होता. अगदी भरगच्च नव्हे, मधे मधे आकाश दिसत होतं, पण मांडव होता. दुधी मात्र डोक्याच्या उंचीवर लोंबत होते. नवऱ्या मुलाचा उंच चुलता दोनदा धडकला आणि तिसऱ्यांदा दुधीला नमस्कार करून पुढं गेला. मुलाच्या पायात सासऱ्यांनी केलेल्या चपला होत्या. त्या इतक्या करकरायच्या की तो बोहल्याकडं निघाला तेव्हा वाजंत्रीवाले थांबून बघायला लागले. सर्वांत मोठा दुधी गुरुजींच्या बरोबर डोक्यावर होता. तो काढायला साडूंनी साफ नकार दिला होता. त्यामुळं दर 'सावधान'ला गुरुजी वर बघत होते.

साडूंनी हट्टानं गोरज मुहूर्त धरला होता. कारण कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारचं एक जेवण वाचवायचा विचार असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. अंतरपाट धरला, उन्हं उतरली आणि मंगलाष्टकं सुरू झाली, तेव्हा एका लहान मुलीनं आईचा पदर ओढून वर बोट दाखवलं. दुधीची फुलं उमलत होती. दुधी संध्याकाळीच फुलतो, दोडकाही. पांढरी आणि पिवळी फुलं त्या फाटक्या छतावर इकडं तिकडं हळूहळू उघडत होती. एकेक जण वर बघायला लागला. अंतरपाट खाली आला तेव्हा निम्म्या लोकांच्या मुठीत अक्षता तशाच राहिल्या होत्या. व्याह्यांच्याही. साडू एका बांबूला धरून उभे होते आणि फुलांकडं न बघता मुलीकडं बघत होते.

मग सायली सासरी मलकापूरला गेली. एक खूळ संपलं की आठ दिवसांत साडूंचं दुसरं सुरू होतं, असा आमचा नेहमीचा अनुभव. या वेळी काही सुरू झालं नाही. पौषात वेल वाळले, तरी त्यांनी मांडव उतरवला नाही. संक्रांतीला सायली येऊन त्या वाळक्या काटक्या स्वतःच्या डोळ्यांनी बघून गेली.

परवा संध्याकाळी मी सहज त्यांच्याकडं गेलो. परसात खुर्ची टाकून बसले होते. अक्कानं मला दारातच थांबवलं. त्यांच्या मांडीवरचा फोन वाजला आणि सायलीचा आवाज आला, "पप्पा, आज फुलं आली का हो?"

साडूंनी मान वर करून त्या सुक्या तारांकडं नीट पाहिलं.

"आलीत की," ते म्हणाले. "पांढरी जास्त हाईत आज."