पंचनाम्यातला आरसा

सानगडीच्या बाजाररोडवर सेवकरामचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार टिनं, एक लाकडी खोकं आणि तारेवर टांगलेले गाड्यांचे आरसे. जीपचे, ट्रॅक्टरचे, मोटरसायकलचे. खोक्यावर वायपरच्या रबरांची जुडी. साठीला टेकलेला माणूस, पण गाडी थांबली की त्याची नजर आधी काचेवर जाते, मग माणसावर. कोणी ड्रायव्हर शेजारी चहा प्यायला उतरला की हा न विचारता त्याच्या गाडीचा वायपर उचलतो, रबरावरून अंगठा फिरवतो आणि तोंडाचा पट्टा सोडतो.

"हा रबर हाय का पापड? उन्हाळाभर वाळला, तुले दिसलं नाई?"

"पानी आलं का तंबाखू घासतो ना काचेवर, काका. साफ दिसते."

हा ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय. वायपर मेला की ओला तंबाखू काचेवर चोळायचा, म्हणजे पाणी थेंब न धरता घसरून जातं. जातंही, दोन-चार किलोमीटर. पुढं देव आणि नशीब.

"तंबाखू तोंडात ठेव, काचेवर नको," असं म्हणून सेवकराम नवा रबर चढवतोच. मग आरशांची पाळी. दोन्ही आरसे घट्ट बसवले की ड्रायव्हरला जागेवर बसवायचं आणि आपण गाडीच्या मागं, डावीकडं जाऊन उभं राहायचं. तिथून विचारतो, "मी दिसून राहिलो का?" समोरून "हौ" आल्याशिवाय तो हलत नाही. लोक म्हणतात, म्हातारा झक्की आहे, पण कामाला पक्का.

एवढे आरसे विकणाऱ्याच्या घरात मात्र एकही आरसा नाही. त्याची बायको कलाबाई स्टीलच्या झाकणात बघून कुंकू लावते. काहून, असं तिनं दुकान टाकलं त्या वर्षी विचारलं होतं. तो जेवता जेवता उठून गेला, तेव्हापासून तिनं तो विषय सोडला.

त्याला दुकानातलेच आरसे पुरून उरतात. दुपारी रस्ता सुना पडला की तारेवरच्या एखाद्या आरशात हिरवं लुगडं हलतं. बाई वाकलेली असते, पदर कमरेला खोचलेला, पिंढऱ्यांपर्यंत चिखल. सेवकराम वळून बघतो, तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. तो त्या आरशावर फडकं टाकतो. थोड्या वेळानं ती शेजारच्या आरशात असते. अकरा वर्षं हे चाललं आहे. त्याला भीती वाटते, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटते.

ती गुलाब. गावातल्याच तुलारामची बायको.

त्या काळी सेवकराम जीप चालवायचा. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बायांना जीपमध्ये कोंबून शेतापर्यंत पोचवायचा. शेताकडच्या अरुंद पांदणीत जीप वळवायला जागा नसे, उलटीच काढावी लागे. डावा आरसा बाभळीला लागून दोन महिन्यांपूर्वी फुटला होता. उद्या बसवू, परवा बसवू. गरज तरी काय होती, मागं गुलाब होती ना. ती उतरून मागं थांबायची आणि गाडी धुऱ्याजवळ, शेताच्या बांधाजवळ आली की जीपच्या टिनावर थाप मारायची. थाप पडली की थांबायचं, थाप नाही म्हणजे रस्ता मोकळा. सेवकरामचा त्या थापेवर आरशापेक्षा जास्त भरवसा.

त्या दिवशी थाप पडलीच नाही. चिखलात पाय घसरून गुलाब चाकामागं पडली होती, आणि सेवकराम बिनघोर मागं येत राहिला.

बाकीच्या बाया धानाचे पऱ्हे, लावणीची रोपं घेऊन पुढं गेल्या होत्या. पोलीस यायला दोन तास लागले. तेवढ्यात सेवकरामनं मदतीला आलेल्या साळ्याच्या, कलाबाईच्या भावाच्या, जीपचा आरसा काढून आपल्या जीपला लावला. पंचनाम्यात लिहिलं गेलं, दोन्ही आरसे सुस्थितीत. मग गावानं हिशेब जुळवला: ड्रायव्हर आरशात बघत होता, म्हणजे बाईच अचानक आडवी गेली. तुलाराम स्वतः येऊन म्हणाला, "तुही गलती नाई, सेवक. तिलेच धीर नोहोता." सेवकरामनं मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं. त्यानं जीप विकली आणि दुकान टाकलं, पण तोंड उघडलं नाही.

यंदा शाळा सुरू झाल्यावर एके सकाळी दुकानासमोर पिवळी व्हॅन थांबली. चालवणारी मंजुषा होती, गुलाबची मुलगी. आई गेली तेव्हा बारा वर्षांची होती. आता गावच्या पोरांना शाळेत नेण्या-आणण्याचं काम तिनं घेतलं होतं.

"डावा आरसा ढिला हाय, काका. मजबूत बसवा."

सेवकरामनं आरसा बसवला, नवे रबर चढवले आणि सवयीनं मागं जाऊन उभा राहिला. "मी दिसून राहिलो का?"

"हौ, दिसून राहिले." मग ती आरशात बघतच बोलत राहिली. "बाबा गाडी चालवू देत नोहोते. म्हणते, तू मायवर गेली, तुले धीर नाई. अजून मायच्या फोटोले हार घालू देत नाई. लेकरू टाकून आपल्या उतावीळपणानं मेली म्हणते. मलेही तसंच वाटते कधी कधी."

आरशातून दोन डोळे त्याच्याकडं बघत होते, आणि ते गुलाबचे होते. या वेळी फडकं टाकायची सोय नव्हती.

"मंजू," तो म्हणाला, "तुह्या मायची गलती नोहोती. माह्या गाडीले डावा आरसाच नोहोता. मांगून लावला मी, पोलीस याच्या आंधी."

तो तिथंच उभ्या उभ्या सगळं बोलला. बाभूळ, दोन महिने, साळ्याची जीप. मंजुषानं गाडी बंद केली.  मग शेजारचं दार उघडलं.

"बसा. हे बाबासमोर सांगा."

तुलाराम ओसरीवर विळ्याला धार लावत बसला होता. सेवकरामनं एका दमात सांगून टाकलं. तुलाराम उठून आपल्याला मारेल, अशी त्याला आशा होती. तुलारामनं विळा बाजूला ठेवला आणि आत भिंतीवरच्या फोटोकडं बघत राहिला.

"ठाण्यात जाऊन सांगशील?"

"आजच सांगतो."

"सांग. तुले जे होईल ते होईल." तुलाराम फोटोकडंच बघत होता. "पन मी तिले अकरा साल शिव्या देल्या, सेवक. रोज. जेवताना देल्या, पोरीसमोर देल्या. त्या मी आता वापस कशा घेऊ?"

मंजुषा दारात उभी होती. सेवकरामला कोणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.